‘या’ म्हणणारं माणूस

माझ्या पोरीचा फोन रोज संध्याकाळी यायचा, अन् रोज शेवटी माझं डोकं सटकायचं. तोपर्यंत बोलणं ठीक चालायचं. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, आमच्या सुपेल्याच्या चौकातली गर्दी वाढली का कमी झाली, सारं विचारायची. पण फोन ठेवायची वेळ आली की एका दमात सुरू व्हायची, "चलो पापा, बाय, टेक केयर, दवाई लेना, लव यू, बाय." दोनदा बाय! एक रस्त्यात सांडलं तर दुसरं असावं म्हणून का काय, कोण जाणे. मी "हं" म्हणायचो अन् फोन बंद करायचो.

मले असल्या बोलण्याची चीडच आहे, आधीच सांगून टाकतो. माझा राग नाकावर असते हे साऱ्या मोहल्ल्याले ठाऊक आहे. बँकेतली पोट्टी मले दोन तास लायनीत उभं ठेवते अन् मग हसून म्हणते, "हॅव अ नाइस डे." अवं, अर्धा डे तर तुनंच खाल्ला! जुने दोस्त बाजारात भेटले की "चल, मिलते हैं" म्हणतात अन् वर्षभर तोंड दाखवत नाहीत. आमच्या लोकांत भेटताना जय भीम अन् निघतानाही जय भीम. एकच बोल, पण छातीतून निघते. आताचे पोट्टे तेही मोबाइलवर दोन अक्षरांत उरकतात. उचलली जीभ, लावली टाळ्याले.

आमच्या घरची रीत वेगळी होती. मी तेहतीस वर्षं पोलादाच्या प्लांटात काम केलं, कोळसा भाजतात त्या कोक ओव्हनमध्ये. शिफ्ट कोणतीही असो, क्वार्टरच्या फाटकाशी सायकल काढायची, एक पाय पायडलवर ठेवायचा अन् म्हणायचं, "येतो." ‘जातो’ कधीच म्हणायचं नाही. मग बायको दारातून म्हणायची, "या." तेव्हा पायडल मारायचं. त्या ‘या’शिवाय मी कधी कामावर गेलो नाही.

एकदा आमचं भांडण झालं. तिच्या भावाचं लग्न होतं अन् मी म्हटलं होतं, सुट्टी भेटत नाही, तू एकटीच जा. ती दारात आली, पण बोलेचना. मी एक पाय पायडलवर ठेवून उभा. भोंगा वाजला. बाजूच्या क्वार्टरमधला माझ्याच शिफ्टचा गडी "अबे चल ना, हाजिरी जाईन" म्हणत पुढं निघून गेला.

मी म्हटलं, "अवं, म्हण ना."

ती म्हणे, "उभे राहा तसेच. लग्नात मीबी अशीच उभी राहीन, एकटी."

"बरं बाई, काढतो सुट्टी कशीबी."

तेव्हा म्हणाली, "या." त्या दिवशी माझी अर्धी हाजिरी कटली. लग्नाले मात्र आम्ही दोघं गेलो अन् मस्त जेवलो.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं अन् सुपेल्याकडं दोन खोल्यांचं घर घेतलं. दोन वर्षांमागं एका दुपारी ती भाजी निवडत बसली होती, ती बसल्या जागीच गेली. मी बाजूच्या खोलीत पेपर वाचून राहिलो होतो. त्या दिवशी कोणी येतो म्हटलं नाही अन् कोणी या म्हटलं नाही. पोरगी नोकरीले तिकडं बंगलोरले, अन् तेव्हापासून मी इथं एकटा. मले आता ती एकच आहे.

अन् तिलेच मी तोडून बोललो. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी तिचं टेक केयर, लव यू, बाय, बाय सुरू झालं अन् मी ओरडलो, "कावून घोकून राहिली पोपटावानी? ठेवायची एवढी घाई असन तर लावतच नको जाऊ फोन!"

तिकून फोन कटला. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "दवा ली?" मी अंगठा पाठवला. तीन आठवडे असंच चाललं, तिचा मेसेज अन् माझा अंगठा. रोज संध्याकाळी फोन समोर ठेवून मी स्वतःलेच शिव्या द्यायचो, पण नंबर काही लावला नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगता कोणाले? भेव एकाच गोष्टीचं वाटायचं. ही पोरगी तुटली तर मले पापा म्हणणारं कोणी राहणार नाही.

तिच्या आईच्या स्मृतिदिनाले मात्र ती आली. घरी वंदना म्हटली, खीर केली, मोहल्ल्यातले लोक येऊन जेवून गेले. दोन दिवस ती कामापुरतं बोलली. पापा, चहा. पापा, चष्मा. तिसऱ्या दिवशी दुपारी दुर्ग स्टेशनावरून तिची गाडी होती. ऑटो दाराशी आला, मी बॅग आत ठेवली. तिनं माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली अन् ऑटोकडं वळली. बाय नाही, काही नाही.

मले ते बायपेक्षाही सहन नाही झालं. "काही म्हणशीन का तशीच चालली?"

"क्या बोलूँ, पापा? तुमाले सगळ्याचाच राग येते."

"अवं, पण एवढं लांबण कावून लावत असते तू?"

तिनं ऑटोचा दांडा धरला. "आई गेली त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. जेवली का, विचारून राहिली होती. मेरी मीटिंग थी. मी म्हटलं, चल आई, रखती हूँ. बस, इतना ही बोली मैं." मग म्हणाली, "अब सब बोलके रखती हूँ, पापा. कुछ छूटना नहीं चाहिए."

दोन वर्षांत हे तिनं मले सांगितलं नव्हतं, अन् मीबी कधी विचारलं नव्हतं. मी तिच्या बोलण्यात खोड्या काढत बसलो, अन् स्वतः काय म्हणत होतो? हं! तेहतीस वर्षं मी निघणारा होतो, उत्तर द्यायचं काम दारातल्या माणसाचं होतं. आता दारात मी होतो. एवढी साधी गोष्ट, पण माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

ऑटोवाला म्हणाला, "चलें क्या? ट्रेन छूट जाएगी."

"चलो पापा," ती म्हणाली. "बाय. टेक केयर. दवाई लेना. लव यू. बाय." सारं म्हणाली, एकही सोडलं नाही. पण बसली नाही. एक पाय ऑटोत, एक पाय रस्त्यावर, तशीच उभी राहिली माझ्याकडं पाहत.

मी म्हटलं, "ये वं बाई."

तेव्हा कुठं ती आत बसली.