ट्रकच्या मेंदूचं झबलं

निवांतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ज्याच्या ट्रकशेजारून सायकलवाले गप्पा मारत पुढे निघून जातात, त्या माणसाला गल्लीने दुसरं काय नाव ठेवावं? त्यांनी कधी राग धरला नाही. राग धरायलाही घाई लागते, आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

घर बदलणाऱ्यांचं सामान हलवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. सामान निवांतरावांच्या ट्रकमध्ये चढलं की बायामाणसं निर्धास्त होत. आरशाला चरा नाही, कपाटाच्या कोपऱ्याला टवका नाही, चिनी मातीच्या बरणीचं झाकणसुद्धा जागचं हलत नसे. याचं निम्मं श्रेय त्यांच्या संथ चालवण्याला होतं आणि निम्मं त्यांच्या बायकोच्या शिवणयंत्राला. घर सोडताना लोक जुने पडदे टाकून देतात. ते निवांतराव घरी आणत, आणि बाई त्यांत कापूस भरून जाड जाड कव्हरं शिवत. फ्रिजचं वेगळं, आरशाचं वेगळं, शिवणयंत्राचं वेगळं. प्रत्येकाला नाड्या आणि प्रत्येक नाडीला सुटता सुटणार नाही अशी गाठ.

ही सवय मग घरात शिरली. रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेबलफॅनलाही कव्हर.

"या घरात उघडा असा मीच एकटा राहिलोय," निवांतराव म्हणत.

"तुमचंही शिवलं असतं," बाई म्हणत, "पण पोटाभोवती टेप पुरत नाही."

ट्रक त्यांनी घेतला तेव्हाच तो वापरलेला होता आणि मुलगी नुकती शाळेत जाऊ लागली होती. ती केबिनमध्ये मधल्या जागेवर बसायची, हातात मातीचा गोळा घेऊन त्याची भांडी करायची आणि सीटला हात पुसायची. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, मी मोठी झाल्यावर माझं दुकान काढलं तर सामान कोण नेणार?"

"मीच नेणार की. याच ट्रकमधून," ते म्हणाले होते. लहान मुलांना आपण असं काय काय सांगतो आणि विसरून जातो. निवांतराव मात्र विसरले नव्हते.

आता ती खरोखरच मोठी झाली होती. दुसऱ्यांच्या कारखान्यांत मातीकाम करून करून तिने स्वतःची जागा घेतली होती, आणि विजेवर चालणारी एक वापरलेली भट्टीही. भट्टी बाहेरून लोखंडी, पण आतल्या विटा बिस्किटासारख्या ठिसूळ. रविवारी सकाळी ती नव्या जागेत न्यायची होती. आणि नेमकं याच वेळी ट्रकने दगा द्यायला सुरुवात केली.

दगा तरी कसा? सकाळी निघताना एकदम खुशीत. तासभर गेला, केबिन तापली, की भर रस्त्यात इंजिन बंद. मागून हॉर्न, शिव्या, सल्ले. अर्धा तास सावलीत उभा ठेवला की डुलकी काढून उठल्यासारखा पुन्हा सुरू.

मुलीचा फोन आला. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका हं. पण भट्टी घेऊन रस्त्यात अडकलो तर? मी दुसरा ट्रक सांगून ठेवते."

"शनिवारी संध्याकाळपर्यंत थांब," ते म्हणाले. "तुझा मामा येतोय."

"थांबते. पण त्या माणसाला संध्याकाळी हो की नाही ते कळवायला हवं."

त्यांनी फोन ठेवला. बाईंनी चहा पुढे केला, तर त्यांनी कपाऐवजी बशीच उचलली.

शनिवारी दुपारी मामा आला. तो बाईंचा धाकटा भाऊ, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा.

"दाजी, तुमच्या ट्रकचा मेंदू आणलाय," तो फाटकातूनच ओरडला. "अपघातात गेलेल्या एका ट्रकचा आहे. ट्रक गेला, मेंदू शाबूत."

"नवा नाही मिळत?"

"या वयाच्या ट्रकचा? त्यापेक्षा तुमच्या डोक्याचा लवकर मिळेल."

इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे, खाली बसवलेला एक चपटा डबा. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, हे सगळं तो ठरवतो. मामाने सीट पुढे सरकवली, डोकं आत घातलं. आतून आवाज आला तो हसण्याचा.

"दाजी! हे काय आहे?"

निवांतरावांनी मान खाली घातली. "कव्हर आहे."

"ते दिसतंय! निळ्या फुलांचं! कापूस भरलेलं! कॉम्प्युटरला झबलं घातलंय तुम्ही?"

"धूळ जाते म्हणून... सारखं फुफाट्यातून जावं लागतं. तुझ्या ताईने शिवलं. दर वर्षी नवीन शिवते."

मामाने नाड्या सोडायचा प्रयत्न केला, नखं मोडून घेतली आणि शेवटी चिमट्याने गाठ उकलली. "अहो, हा डबा आधीच गरम होतो. त्याच्या पाठीवर या उभ्या पट्ट्या का असतात? वारा लागून गार व्हावा म्हणून. आणि तुम्ही त्याला वर्षानुवर्षं दुलईत निजवलंत. आतले सोल्डरिंगचे टाके सुटले असणार भाजून भाजून."

"हळू बोल," निवांतराव कुजबुजले. "ती ऐकेल."

"ऐकलं," मागून आवाज आला.

बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला. "म्हणजे मीच शिजवला तो?"

"तू कुठे? मीच तर बांधला," निवांतराव म्हणाले. "आणि आपण सगळ्यालाच..."

पण बाई आत गेल्या होत्या. निवांतरावांना ट्रक रस्त्यात बंद पडला तेव्हाही इतकं कसंनुसं वाटलं नव्हतं.

"ताईचं नंतर बघू," मामा म्हणाला. "खरी मेख पुढे आहे. तुमच्या इंजिनची सगळी मापं, किल्लीची ओळख, हे या जुन्या डब्यात साठवलेलं आहे. ते आधी लॅपटॉपवर घ्यायचं, मग नव्या डब्यात भरायचं. नाही भरलं तर नवा डबा तुमच्या किल्लीला ओळखच देणार नाही. आणि हा पठ्ठ्या तापला की बेशुद्ध पडतो."

किल्ली फिरवली. लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि थांबली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"गेला. ऊन केबिनवरच आहे ना. आता गार होऊ दे, आणि पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा पट्टी जराशी पुढे गेली आणि पुन्हा बसली. निवांतराव बर्फ आणायला धावले. हो, धावले, समोरच्या शिंप्याने दुकानातून डोकं बाहेर काढून पाहिलं. पण मामाने त्यांना दारातच अडवलं. "पाणी नको! एक थेंब आत गेला की उरलेलाही जाईल. नुसता वारा पाहिजे, पण सारखा."

ट्रेने वारा घालून पाहिला. वहीच्या पुठ्ठ्याने घालून पाहिला. मामा घड्याळाकडे पाहू लागला, आणि निवांतराव फोनकडे.

तेवढ्यात आतून कात्रीचा कचकच आवाज आला. बाई टेबलफॅन घेऊन बाहेर आल्या, मागे लांबलचक वायर फरपटत. पंख्याच्या मानेभोवती कापलेल्या नाड्या लोंबत होत्या. आयुष्यात ज्या बाईने स्वतःची गाठ कधी कात्रीने कापली नव्हती, तिने ती कापली होती.

"सरका," त्या म्हणाल्या आणि पंखा कडेवर घेऊन केबिनमध्ये चढल्या.

"ताई, खाली ठेव ना."

"खाली ठेवला तर वारा सीटला लागेल. डबा इथे आहे. तू तुझं बघ."

"अगं, हात भरून येईल," निवांतराव म्हणाले.

"पोरीला कडेवर घेऊन पोळ्या लाटल्यात मी. याचं काय!"

निवांतराव दुसऱ्या बाजूने चढले आणि पंख्याच्या बुडाला हात लावून उभे राहिले. पंखा घरघरू लागला. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली. अर्धं ओलांडलं. पुढे एका जागी इतकी रेंगाळली की मामाने डोळेच मिटून घेतले.

"ही तुमच्यावर गेलीय," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

आणि पट्टी टोकाला पोचली.

मामाने लॅपटॉप डोक्यावर धरून केबिनमध्ये नाचायचा प्रयत्न केला आणि छताला आपटला. मग बॅटरीची वायर काढली, जुना डबा उतरवला, प्लगमधली धूळ ब्रशने झाडली, नवा डबा बसवला, वायर पुन्हा जोडली आणि जुन्याचं सगळं ज्ञान त्याला पढवलं. निवांतरावांनी किल्ली फिरवली. पहिल्या खेपेला नुसता टक् आवाज.

"अरे देवा!" बाई म्हणाल्या.

"थांब गं, नवीन माणूस आहे. बुजलाय," मामा म्हणाला.

दुसऱ्या खेपेला इंजिन असं गरजलं की शिंपी मशीन सोडून दारात आला. ट्रक तासभर उन्हात तसाच सुरू ठेवला. बंद पडला नाही. मग निवांतरावांनी फोन लावला आणि मुलीला एवढंच म्हणाले, "त्या माणसाला नाही म्हणून सांग."

पलीकडून ती इतकी ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

रविवारी भट्टी निघाली. आतून उशा, बाहेरून घरातली होती नव्हती ती सगळी कव्हरं. भट्टी तर झाकायचीच गोष्ट होती. केबिनमध्ये मुलगी मधल्या जागेवर बसली, कडेला बाई. आणि सीटमागे नवा डबा, उघडा. प्रत्येक सिग्नलला बाई मागे हात घालत आणि आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा तळवा डब्याला लावत.

"ताप नाही," त्या सांगत.

"आई, दर दोन मिनिटांनी काय?"

"माझं मी बघते."

सायकलवाले शेजारून पुढे गेले. एकाने विचारलंसुद्धा, "निवांतराव, आज एवढे हसताय का?"

भट्टीची एकही वीट हलली नाही. मामा मोटारसायकलवरून कधीच पुढे येऊन बसला होता. भट्टी जागेवर लागल्यावर बाईंनी पिशवीतून चहाची किटली काढली. किटलीला निळ्या फुलांचं झबलं घातलेलं होतं, मापात थोडं कमी केलेलं. चहा ओतला तर वाफ थेट मामाच्या चष्म्यावर.

"ताई, हा तर घरून निघालेला चहा ना?"

"मग! माझं कव्हर आहे ते. गरम ठेवायला कुणाचा बाप लागत नाही त्याला."

निवांतराव हसले, चहा बशीत ओतला, आणि निवांत फुंकत बसले.