'शपथेवर'

मार्लिस कॉफमन विचिटा शहरातल्या मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून गावी परतली, तेव्हा चर्चच्या तळघरात बायकांनी घेवड्याचं सारण भरलेले बेरोगी पाव करून तिचं स्वागत केलं. गावाला पहिल्यांदाच स्वतःची फिजिओथेरपिस्ट मिळाली होती. अर्धांगाने खुर्चीला खिळलेले ओर्लिन श्राग म्हणाले, "पोरी, गव्हाच्या कापणीला मला बांधापर्यंत चालत ने. बाकी काही मागत नाही."

"नेते की, काका."

आमच्या चर्चच्या मंडळीत 'नेते' म्हटलं की झालं. आम्ही शपथ घेत नाही, कोर्टातसुद्धा नाही. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, येशूने एवढंच मागितलंय.

पण उपचाराचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीच्या यादीत नाव चढेपर्यंत गावचा दवाखाना तिला काकांच्या पायाला हात लावू देईना. तिने अर्ज भरला. शेवटी छापलं होतं, 'मी शपथेवर सांगते की वरील माहिती खरी आहे.' मार्लिसने सवयीनेच 'शपथेवर' खोडलं, वर 'खात्रीने' लिहिलं आणि सही ठोकली. तिचे वडील जन्मभर तेच करत आले होते.

कंपनीकडून काहीच कळेना, तेव्हा दवाखान्याची कागदपत्रं बघणाऱ्या लवॉन स्टकीने फोन लावला आणि मार्लिसलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"कॉफमन? असा अर्ज आमच्याकडे नाहीच," पलीकडची बाई म्हणाली.

"अहो, पोचपावती आहे माझ्याकडे!"

"कागद पोचलाय हो, अर्ज नाही. छापील मजकुरात खाडाखोड आहे. म्हणजे अपूर्ण."

मार्लिस पुढे वाकली. "राज्याने कायदा केलाय ना? दोन महिन्यांत निकाल द्यायचा म्हणून?"

"पूर्ण अर्जाचा, मॅडम. तुमचे दोन महिने अजून सुरूच झालेले नाहीत." आवाज अगदी गोड होता. "एक शब्द तसाच राहू द्या, बास."

लवॉनने फोन आपटला. "आमदाराच्या ऑफिसात विचारून झालंय माझं. पूर्ण कशाला म्हणायचं, ते कायद्याने कंपनीवरच सोडलंय. कुलूप लोकांसाठी, किल्ली यांच्या खिशात!"

"मी काकांच्या घरी जाऊन फुकट करते मग."

"आणि करार? दवाखान्याबाहेर कुणाला हात लावणार नाही म्हणून होय म्हणालीस ना तू?"

म्हणाली होती. इकडेही तिचाच शब्द, तिकडेही तिचाच.

रविवारी प्रार्थनेनंतर काकांनी तिला खुणेने बोलावलं. त्यांचं पाऊल आतल्या बाजूला वळायला लागलं होतं. तिला ते लांबूनच दिसलं.

"ऐकलं मी सगळं. शपथेवर सही करू नकोस हं. पणजोबांनी श्रद्धेपायी रशिया सोडला, मी एक पाय सोडीन." आणि ते स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

त्या रात्री तिने पुष्कळ प्रार्थना केली. डोळे मिटले की ते वळलेलं पाऊल तेवढं दिसे. सोमवारी तिने लवॉनकडून कोरा अर्ज मागून घेतला. लवॉन उठून कॉफी करायला गेली. मार्लिसने शेवटची ओळ वाचली, पेन 'शपथेवर'वर टेकवलं, न खोडताच उचललं आणि खाली सही केली.

त्या दिवसापासून कायदा अगदी नेमाने चालला. मुदतीच्या आतच तिचं नाव यादीत चढलं. कापणी मात्र उरकली होती, शेतात नुसते खुंट उरले होते.

काकांना तिने धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मधे उभं केलं. पाय थरथरत होते, चेहरा मात्र फुलला होता.

"बघितलंस? झुकले की नाही शेवटी? तुझं 'खात्रीने' गिळावंच लागलं त्यांना! सगळ्या मंडळीला सांगितलंय मी. पास्टर तर रविवारी उपदेशात घेणारेत. खरं ना गं?"

होय किंवा नाही, एवढंच म्हणायचं होतं.

मार्लिसने त्यांचं कोपर घट्ट धरलं. "उजवा पाय, काका. आधी उजवा."