एका दमात गायलेली ओळ

मला राग पटकन येतो आणि राग आला की शब्द यमकातच सुचतात. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. कुंभकोणम्‌ला आमचं चष्म्यांचं दुकान आहे, तिथे दिवसभर मी भिंगं घासते. रॅप करते ते तमिळमध्ये. आमच्या घरात जेवण-भजन मराठीत आणि भांडण तमिळमध्ये, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे, ती मी मोडलेली नाही.

माझी मैत्रीण जवळच्याच चोळपुरम्‌ची. कॉलेजच्या बसमध्ये ओळख झाली. तिचे वडील परै वाजवतात, खांद्याला अडकवून दोन काठ्यांनी वाजवायचं ते चामड्याचं वाद्य. मयत झालं की गाव त्यांना बोलावणार आणि वाजवून झालं की अंगणाबाहेर उभं करणार, अशी रीत. तिने वडिलांचा ठेका उचलला आणि त्यावर शब्द बसवले. मी रॅप शिकले ते तिच्याकडून. आमच्या पहिल्या गाण्यात आम्ही दोघींनी बसच्या कंडक्टरची अशी बिनपाण्याने केली होती की पुढे तो आमच्यासाठी जागा धरून ठेवायला लागला. दुकानाच्या मागच्या खोलीत फोनवर रेकॉर्ड करायचो. तेव्हा कुणाला दुखवायचं आमच्या मनातही नव्हतं.

मग चेन्नईहून कंपनीचा माणूस आला. गोड बोलणारा, वयाने आमच्याहून थोडाच मोठा. त्याने दोघींचं ऐकलं आणि दोघींशी वेगवेगळा करार केला. करार इंग्रजीत, जाडजूड. मी पहिलं पान वाचलं आणि शेवटच्या पानावर सही केली. गिऱ्हाइकाला बारीक अक्षर वाचून दाखवायला लावणारी मी, माझ्या अकलेला तेव्हा काय झालं होतं देव जाणे. आवाज त्यांचा, नाव त्यांचं, गाणं ठेवायचं की काढायचं तेही त्यांनीच ठरवायचं, सात वर्षं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. दोन पोरींची मैत्री कोण ऐकतो? भांडण ऐकतात. एक रायरांची, म्हणजे पिढ्यांपूर्वी मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या आम्हा मराठी लोकांची, आणि एक गावाच्या टोकाकडच्या, परै वाजवणाऱ्यांच्या वस्तीतली. सुरुवातीला आम्हाला गंमतच वाटली. दिवसा एकमेकींना टोमणे मारणारी गाणी करायची आणि संध्याकाळी फोनवर खिदळायचं. पण ऐकणारी पोरं खिदळत नव्हती. तिच्या बाजूची आणि माझ्या बाजूची अशा फळ्या पडल्या. कोयते हातात घेऊन नाचतानाचे व्हिडिओ यायला लागले. एका दुपारी दुकानाच्या काचेवर दगड आला आणि माझे वडील गिऱ्हाइकासकट खाली बसले. मला भीती वाटली, हे खरं. रस्त्यात लोक मला ओळखतात याचा आनंदही होत होता, हेही खरंच.

तिसऱ्या गाण्याच्या वेळी चेन्नईच्या स्टुडिओत त्याने माझ्या हातात कागद दिला. त्यात एक ओळ होती. परै बडवणाऱ्याच्या पोरीच्या हातात माईक दिला कुणी, अशा अर्थाची. मूळ तमिळमध्ये ती याहून घाण आहे, मी ती इथे लिहिणार नाही. मी नको म्हटलं. तो म्हणाला, नुसतं चालीत बसतंय का ते बघू, नंतर बदलू. मी पुन्हा नको म्हटलं. मग त्याने कराराची आठवण करून दिली, अगदी हसत. मी काचेच्या त्या खोलीत गेले आणि ओळ गायले. एका दमात, एकदाच. आणि उत्तम गायले. काचेपलीकडे त्याने अंगठा वर केला तेव्हा मला बरं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

तिला फोन करायला हवा होता. मी मूग गिळून बसले. ओळ बदलतील, बदलतील असं स्वतःलाच सांगत राहिले.

गाणं आलं ते त्या ओळीसकट. तिचा फोन बंद. दोन दिवसांनी तिचे वडील देवळाच्या उत्सवातून वाजवून परतत होते, तेव्हा मोटरसायकलवरच्या पोरांनी त्यांना गराडा घालून तेच गाणं मोठ्याने लावलं. तिचा भाऊ मध्ये पडला. कुणाचा तरी कोयता त्याच्या तळहातावर बसला. मी कंपनीच्या माणसाला फोन करून गाणं काढून टाक म्हणून रडले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की येत्या रविवारी संध्याकाळी कुंभकोणम्‌च्याच एका लग्नाच्या हॉलमध्ये दोघींचा समोरासमोर सामना आहे, आली नाहीस तर कोर्टात भेटू.

मी गेले. कोर्टाच्या भीतीने गेले असं घरी सांगितलं, पण ती भेटेल म्हणून गेले.

हॉलमध्ये उजवीकडे तिची पोरं, डावीकडे माझी म्हणवणारी. त्यांतलं एकही तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं. भर उकाड्यात कित्येकांचे शर्ट बाहेर सोडलेले, आणि पाठीशी काहीतरी कडक खोचलेलं. पहिल्या रांगेत तिचे वडील, पांढऱ्या सदऱ्यात, शेजारी हाताला पट्टी बांधलेला भाऊ. ती स्टेजवर आली. माझ्याकडे बघेना.

आता जे झालं ते मी ठरवून केलं नाही. आमच्यात विठ्ठलाच्या भजनाला उभं राहताना समोरच्याच्या पाया पडायचं, तो लहान असो मोठा असो. तोही तुमच्या पाया पडतो. गोविंदपुरम्‌च्या देवळात लहानपणापासून हेच केलेलं. ती समोर आली आणि मी वाकले.

तिच्या भावाला वाटलं, मी खालून काहीतरी उपसते आहे. तो ओरडला. खुर्च्या पडल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता कुणीतरी उघडा केला, मला पातं दिसलं. मी अर्धी वाकलेली तशीच राहिले. हलले तर संपलं, एवढंच कळत होतं. तिने एक हात भावाकडे केला, थांब म्हणून, आणि माझ्या हातांपासून दोन पावलं मागे सरली.

"पाया पडून सुटायचं आहे तुला?" ती म्हणाली. माईक खाली धरून, फक्त मला ऐकू येईल असं. "माझ्या अप्पांसमोर चल."

खाली उतरून मी तिच्या वडिलांसमोर उभी राहिले. कॅमेरेवाला माईक घेऊन धावत आला. कंपनीचा माणूस बाजूने खुणा करत होता, चालू दे, चालू दे. वडिलांनी मला नीट पाहिलं. मी त्यांच्या घरी कितीदा जेवले होते.

"ती ओळ तू लिहिलीस का, अम्मा?" त्यांनी विचारलं. मला ते नेहमी अम्माच म्हणायचे, बाळ म्हणावं तसं.

नाही लिहिली. हे खरं होतं, आणि हे म्हटलं असतं तर सगळ्या माना कंपनीच्या माणसाकडे वळल्या असत्या. वळायला हव्याच होत्या. पण त्याचं नाव घेऊन मी मोकळी झाले असते, आणि मला मोकळं व्हायचा हक्क नव्हता.

"गायले मी," मी म्हटलं. "नको म्हणायला तोंड होतं, तरी गायले."

कंपनीच्या माणसाने माईक बंद करायला सांगितलं. वडील उठले, मुलाचा चांगला हात धरला आणि माझ्या शेजारून चालत दाराकडे गेले. त्यांच्या मागे तिची पोरं निघाली. उरलेल्यांना कुणाशी लढायचं ते कळेना, तेही हळूहळू पांगले. दारात ती थांबली आणि म्हणाली, माफबिफ काही केलेलं नाही. रविवारी सकाळी आम्ही घरामागच्या शेडमध्ये मुलांना परै आणि रॅप शिकवतो, ही दुश्मनी बाजूला ठेवून. तिथे ये, आणि ते गाणं कुणी गायलं ते तुझ्या तोंडाने सांग.

पुढच्या रविवारी गेले. पंधरा-वीस मुलं जमिनीवर बसलेली. तिचे वडील कोपऱ्यात वाद्याचं चामडं शेकोटीवर तापवत होते. मी घसा खाकरला आणि सांगितलं की ते गाणं माझं आहे, मीच गायलंय.

शिव्या येतील अशी तयारी करून गेले होते. पुढे बसलेली एक आठेक वर्षांची मुलगी, त्यांच्याच गल्लीतली, आनंदाने टुणकन उभी राहिली. तिला ते गाणं फार आवडत होतं. तिने टाळ्यांनी ठेका धरला आणि ती ओळ खणखणीत म्हणून दाखवली. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं माझ्यासारखं. कुणाबद्दल आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यात वडिलांचा हात थांबला. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आलं ना, अक्का?" त्या मुलीने मला विचारलं.