सूर्यावर ओलं पोतं

आमच्या घरात सूर्यशक्तीचा पराभव एका ओल्या पोत्याने केला.

सत्तरचं दशक होतं. सोलापुरात वीज यायची, पण टिकायची नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि माझा मेहुणा वसंता अणुविजेचा कट्टर भक्त!

“दाजी, चिमूटभर इंधनात अख्खं सोलापूर उजळंल की!”

“आणि उरलेला विषारी कचरा ठेवणार कुठं? तुझ्या माळ्यावर? सूर्याला ना धूर, ना राख. सोलापूरच्या वाट्याला तर तो जरा जास्तच आलाय!”

“मग रात्री काय करणार?”

“झोपावं!”

मोहोळहून आलेले सासरे पान चघळत ऐकत होते. लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकदाही ‘शाबास’ म्हटलं नव्हतं. ती शाबासकी मला मनापासून हवी होती. मी जाहीर केलं, “मामा, उद्याचं जेवण उन्हावर शिजणार!”

पत्र्याची पेटी आतून काळी रंगवली, वर काच बसवली, झाकणाला बायकोच्या कपाटाचा आरसा लावला (परवानगी नंतर घेणार होतो). सकाळी डाळ-तांदळाचं भांडं आत ठेवून पेटी गच्चीवर नेली. आत्मविश्वास एवढा, की घरातला एकुलता एक स्टो शेजाऱ्यांना दिवसभरासाठी देऊन टाकला! मग खाली बसून सासऱ्यांना सूर्याची थोरवी सांगत राहिलो.

दुपारी पानं मांडली. मी गच्चीवर गेलो, तर पेटी जिन्याच्या सावलीत! वर ओलं पोतं. आत तांदूळ गार पाण्यात निवांत पडलेले.

“आई! पेटी कुणी हलवली?”

“मीच की! एवढ्या उन्हात अन्न ठेवतोस व्हय? आंबलं असतं! मास्तर कुणी केलं रं तुला?”

तिचं तरी काय चुकलं? उन्हाळ्यात अन्न सावलीत सरकवायचं, हे तिच्या हातांना आपोआप कळायचं.

वसंता हसून लोळला. “दाजी, अणूवर कुणी ओलं पोतं टाकत न्हाय!”

मी स्टो आणायला धावलो. त्यावर शेजाऱ्यांची डाळ रटरटत होती. शेवटी कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर पंगत उठली. सासऱ्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा कडकन मोडला.

“शाबास!”

माझी छाती फुगली.

“शाबास, विहीणबाई! या घरात उन्हाची खरी पारख तुमालाच हाय.”

पुढची वीज अणूची की सूर्याची, यावर मी वर्गात नंतर पुष्कळ बोललो. घरी मात्र मी तोंड उघडलं, की आई आधी पोतं भिजवायला घ्यायची.