गेटसमोरचा बसस्टॉप

"सीओपीडी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसणं. औषधानं आटोक्यात राहतं, पण गेलेली ताकद परत येत नाही. मी म्हटलं, जन्मात विडी ओढली नाही. त्यांनी विचारलं, "चूल्हा?" तोही नाही. मग म्हणाले, "घर सड़क से कितनी दूर है?"

मी हातानं वीतभर अंतर दाखवलं. वाढवून सांगायची माझी सवय आहे, आमच्या ह्यांना विचारा.

सुरुवात खोकल्यानं झाली. दिवाळीनंतर जयपुरात सगळेच खोकतात, म्हणून मी काढा पीत बसले. चार महिने घालवले. तुम्ही घालवू नका. जिन्यात मध्येच थांबावं लागलं की तपासून घ्या. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जीव खाऊन फुंकायचं, दम किती उरलाय ते कळतं. तिसऱ्या फुंकेला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता रस्त्याचं सांगते. ह्यांच्या विमा कंपनीतल्या बदलीनं आम्ही इथे आलो आणि वैशाली नगरातच राहिलो. घर तळमजल्यावर, गेटसमोर सिटी बसचा स्टॉप. दिवसभर हॉर्न आणि गर्दी. सोसायटीतर्फे स्टॉप हटवायचा अर्ज मीच लिहिला. माझं हिंदी इथल्यांपेक्षा शुद्ध, ही माझी घमेंड. स्टॉप लांब चौकात गेला. प्रवासी घटले म्हणून मग बसही कमी केल्या. ज्याला जमलं त्यानं गाडी घेतली. समोरची शाळा सुटेपर्यंत स्टॉपच्या मोकळ्या जागेत मोटारी एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, माझ्या खिडकीला लागून; धूर सगळा घरात.

डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं झालं ते कुणीच सांगू शकणार नाही. भला माणूस. पण माझ्या मनाला ते पटत नाही. चौकापर्यंत मला आता चालवतही नाही.

मार्चमध्ये दहा दिवस ऑक्सिजनवर काढले. घरी आल्यावर स्टॉप परत आणायचा अर्ज लिहिला. धाप लागते, म्हणून सह्यांसाठी दिवसाला दोनच घरं. वरचे शर्माजी हसले. "भाभीजी, आपने ही तो हटवाया था. अब गाड़ी कहाँ खड़ी करेंगे?" बाकीच्यांनीही तेच ऐकवलं. करावं तसं भरावं, हे मला कबूल आहे.

पण कमलानं का भरावं? ती आमच्याकडे स्वयंपाकाला येते. स्टॉप गेल्यापासून चौकातून चालत येते, आणि उशीर झाला की मी तिला फाडून खायची. आजारपणात मला न्हाऊमाखू घातलं ते तिनंच. मी विचारलं, तू तेव्हा काहीच का बोलली नाहीस? ती कणीक मळत म्हणाली, "आंटीजी, गेट पे जो अर्ज़ी चिपकी थी, उस पे सबसे ऊपर आपका नाम था."

मला रडू आलं. रडले की खोकला येतो, म्हणून तेही आवरलं.

नव्या अर्जावर सगळ्यात वर कमलाची सही आहे. तिच्याखाली माझी. तिसरी अजून नाही.