पावलंबाई

ये गं, अशी जवळ बस. तारेशिवाय लांबवर खबर पोचवणारा वायरलेस बोर्ड घ्यायचा होता, तर आधी मावशीला विचारायचं सोडून थेट नांदगावला फोन केलास? पावलंबाईंना? राग नाही आला मला. आला, पण थोडाच.

तुला सांगते, सातपूरच्या आमच्या कॉलनीत त्या यायच्या आधी सगळे मलाच विचारायचे. बिघडलेले रेडिओ उघडून उघडून शिकलेली मी. मग दोन हजार साल उलटल्यावर या बाई समोरच्या इमारतीत राहायला आल्या. अंबडच्या कारखान्यात वायरिंगच्या कामाला होत्या. बोर्डांची जोडी घ्यायची तर एक दुकानदाराच्या हातात द्यायच्या, दुसरा स्वतः घेऊन रस्त्याने पावलं मोजत निघायच्या. खबर पोचेनाशी होऊन हातातल्या बोर्डावरचा दिवा विझला की परत. "किंमत नंतर सांगा भाऊ, आधी हा किती पावलं जातो ते बघू." दुकानदार कपाळाला हात लावायचा. पण स्वस्तातला टिकाऊ बोर्ड त्यांनाच सापडायचा, आणि माझा जीव जळायचा.

सोसायटीच्या टाकीला पाणी भरल्याचा दिवा बसवायचं ठरलं, तेव्हा मी हट्टाने पुढे झाले. त्यांना न विचारता सगळ्यांत महागडी जोडी आणली. गच्चीवरचा बोर्ड पावसात भिजू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. टाकी वाहायला लागली तरी खाली पंपाजवळचा दिवा काही लागेना. सगळी सोसायटी जमलेली. चेअरमन म्हणाले, "काकू, डब्यात फराळ आहे का हो? बोर्ड खाऊन झोपला वाटतं!"

पावलंबाई गच्चीवर आल्या, डबा बघितला. घरून श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा आणला आणि बोर्ड त्यात ठेवला. खालून ओरडा आला, "लागला, लागला!" मला हळूच म्हणाल्या, "ताई, पत्र्याच्या खोलीत कोंडल्यावर त्याची हाक बाहेर कशी जाणार?" खाली येऊन मात्र सगळ्यांना सांगितलं, "बोर्ड ताईंनी निवडलाय, उत्तम आहे." जिन्यात कानाशी लागल्या, "अर्ध्या किमतीतला चालला असता. पंपापर्यंत चाळीसच पावलं आहेत."

चारचौघांत हसल्या असत्या तर बरं झालं असतं गं. भांडता तरी आलं असतं. एवढ्या चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम.

पुढे त्यांचे यजमान रिटायर झाले आणि त्या नांदगावला गेल्या. वाटलं, आता पुन्हा माझं राज्य. कसलं काय! कोणी बोर्ड दाखवायला आणला की मीच चपला घालते आणि पावलं मोजत कोपऱ्यापर्यंत जाते. लोक म्हणतात, "अगदी पावलंबाईंसारखं!" तेही त्यांच्याच खात्यात.

त्यांनी तिकडे कांदा साठवायच्या चाळीत वायरलेस तापमापक बसवलाय म्हणे. तुला बघायला बोलावलंय ना? जा, अवश्य जा, शिकण्यासारखं आहे. पण जायच्या आधी पुन्हा इकडे माझ्याकडे ये. या रविवारीच ये.