तेलाची पातळी चढली तेव्हा

माझ्या मुलाच्या हायब्रिड गाडीतले उत्तम तेल मी अडाणीपणाने काढून टाकायला निघालो होतो, अशी हकिकत पेडगावचे माझे व्याही प्रत्येक लग्नमंडपात सांगतात. ती साफ खोटी आहे. ती ऐकून हसणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी गाडीत नव्हता. मी होतो, आणि स्टिअरिंग माझ्याच हातात होते.

सेलूच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, माझे आयुष्य इंजिनांपाशी गेले. त्या काळचे तेल थंडीत काकवीसारखे घट्ट व्हायचे. सकाळी हँडल मारून इंजिनाला जाग येईपर्यंत आमचे खांदे भरून यायचे. मुलाने गाडी आणली तेव्हा तिच्यातले सिंथेटिक तेल मी बोटावर घेतले. व्याही म्हणतात की मी त्याला पाणी म्हटले. मी असे काहीही म्हटले नव्हते. इतके पातळ असूनही ते बोटांची पकड सोडत नव्हते, आणि मला तर लहान मुलासारखा आनंद झाला होता. स्वतःच्या मर्जीने घडीघडी बंद पडणाऱ्या आणि घडीघडी सुरू होणाऱ्या इंजिनाला असेच तेल हवे, हे मी त्याच दिवशी घरात सर्वांना सांगितले.

आमच्या घरी दसऱ्याला यंत्राचे तेल तपासल्याशिवाय त्याला हार घालत नाहीत. त्याप्रमाणे गाडीचे बॉनेट मी उघडले, तेल मोजायची पट्टी पुसून बुडवली, आणि तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली असल्याचे मुलाला दाखवले. मग कापसाचा हंगाम आला. घर ते जिनिंग, जिनिंग ते बाजाराचा मोंढा, मोंढा ते घर, एवढेच त्या गाडीचे जग उरले. निम्मी वाट ती बॅटरीवर जाई. इंजिन जरा जागे होई आणि अंग गरम होण्याआधीच पुन्हा झोपी जाई.

संक्रांतीला मी पुन्हा पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर चढलेले होते. मुलाला वाटला आनंद.

“बाबा, लोकायच्या गाड्या तेल खातेत, आपली वाढवायलीय,” तो म्हणाला. “बरकत हाय म्हणायची.”

कापसाचा ढीग वाढला की खूश व्हायचे, ही आमच्या व्यापाराची सवय. पण इंजिनात तेल वाढत नसते. मी पट्टी त्याच्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास येत होता. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल खाली उतरून तेलात मिसळते. तेल नीट तापले तर ते उडून जाते, न तापले तर तिथेच मुक्काम करते. तेल कितीही उंची असले तरी त्यात पेट्रोल साठत राहिले तर त्याची ताकद कमी होणारच. मुलगा म्हणाला, तेल बदलायचे किलोमीटर अजून निम्मेही झालेले नाहीत. मी म्हणालो, किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी भरेल ते. शिवाय हे दोन्ही हिशेब नीट तापणाऱ्या इंजिनासाठी आहेत.

तिळगुळासाठी आलेले व्याही हे सारे ऐकत बसले होते. त्यांचे म्हणणे असे की मागच्या वेळी तेल भरतानाच जास्त पडले असणार, आणि म्हातारा उगीच घोर लावतो आहे. दसऱ्याची पातळी त्यांनी पाहिली नव्हती. मुलाने ती पाहिली होती, पण सासऱ्यांसमोर त्याला ती आठवेना.

“व्याहीबुवा, ऑईल इंजिनाचा जमाना गेला,” ते म्हणाले. “आता ह्या बॉनेटला तुमी हात नका लावू.”

हे माझ्याच अंगणात, माझ्या सुनेदेखत! मी तिथल्या तिथे शब्द दिला. दुसऱ्या दिवशी पालमला भाचीचा साखरपुडा होता. गाडी मी चालवीन, इंजिन पुरते तापवीन, आणि परत आल्यावर पातळी उतरलेली नसेल तर पुन्हा कधी बॉनेट उघडणार नाही. हा शब्द देताना माझा आवाज चढला होता, हे मात्र व्याही खरे सांगतात. त्या बॉनेटवाचून त्या घरात मला विचारायला येण्याचे कोणाला दुसरे कारण उरले नव्हते.

काय तो प्रवास! निकाल डोळ्यांनी पाहायला व्याही मुक्कामाला राहून सोबत आले होते. इंजिनाला विसावा मिळू नये म्हणून मी काचा बंद केल्या आणि हीटर पूर्ण सोडला; त्याला इंजिनाचीच ऊब लागते, म्हणून इंजिन झोपत नाही. मानवतच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक मागे पडू लागल्या, आणि इंजिनाचा भरदार, अखंड सूर कानी येऊ लागला. तो ऐकताना माझे वय माझ्या अंगावरून उतरून गेले. मागच्या सीटवर व्याहींनी परभणीपर्यंत मफलर काढला, गंगाखेडपर्यंत कोट काढला, आणि पालमच्या मांडवात ते न्हाऊन आल्यासारखे शिरले. परतीच्या वाटेवरही मी हीटरचे बटण कोणाच्या हाती लागू दिले नाही.

घरी आल्यावर गाडी अंगणातल्या त्याच सपाट फरशीवर उभी केली. उतारावर मोजले असा आरोप मला नको होता. तेल खाली बसू दिले आणि पट्टी मुलालाच काढायला लावली. त्याने ती पुसली, बुडवली, उजेडात धरली. पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली.

“बाबा,” तो म्हणाला, “उतरलंय.”

पातळी वरच्या खुणेला येऊन टेकली होती. अगदी दसऱ्याइतकी नाही, पण उतरली होती, आणि वासही मंद झाला होता. मी व्याहींकडे पाहिले. कोट खांद्यावर टाकून ते शांतपणे म्हणाले, “म्हंजे तेल चांगलंच होतं की. मी दुसरं काय म्हणलो?”

इथून त्यांची हकिकत सुरू होते, आणि इथेच ती खोटी आहे. तेल वाईट आहे असे मी कधीही म्हटले नव्हते. वर्ष भरल्यावर ते बदलले तेव्हा जुन्या तेलाचा थेंब मी वर्तमानपत्रावर सोडून पाहिला. तपकिरी डाग सगळीकडे सारखा पसरला, मध्ये काळा गाळ साचला नाही. तेलाने आपले काम चोख केले होते. त्याला फक्त अधूनमधून लांबचा रस्ता हवा होता.

आता हंगामात दर रविवारी मुलगा गाडीची किल्ली माझ्या चष्म्याशेजारी ठेवतो. मी बॉनेट उघडतो, पट्टी पाहतो आणि निघतो. पेडगावच्या फाट्यावर व्याही उभे असतात. मी गाडीचे काही वाटोळे करू नये म्हणून आपण सोबत येतो, असे ते लोकांना सांगतात. बसण्याआधी मात्र ते कोट काढून हातावर घेतात.